पहिली पायरी : चेन्नईच्या संगणक अभियंत्यांची बदलती वाट

चेन्नई शहराच्या दक्षिणेला मध्य कैलास मंदिराच्या चौकापासून एक रुंद रस्ता निघतो आणि तरमणी, पेरुंगुडी, तोरैपाक्कम, शोळिंगनल्लूर, नावलूर अशी गावे मागे टाकत सिरुसेरीच्या पुढे जातो. एकेकाळी महाबलिपुरमची शिल्पे पाहायला जाणाऱ्या प्रवाशांचा हा साधा मार्ग होता. एका बाजूला बकिंगहॅम कालवा, दुसऱ्या बाजूला पळ्ळिकरणैची दलदल आणि अधूनमधून मिठागरे, एवढीच त्याची ओळख. कागदोपत्री त्याचे नाव आज ‘राजीव गांधी सालै’ असे असले, तरी सारे शहर त्याला ‘ओएमआर’, म्हणजे ‘ओल्ड महाबलिपुरम रोड’ असेच म्हणते.

सकाळी आठच्या सुमारास या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण-तरुणी चहाच्या टपरीवर घाईघाईने पेला रिकामा करून बस पकडतात. गल्ल्यांमधून मुलामुलींच्या वसतिगृहांच्या पाट्या दिसतात, नव्या गृहसंकुलांचे फलक दिसतात आणि त्या फलकांखाली गृहकर्जाच्या जाहिराती दिसतात. गणितात बरे गुण मिळवणाऱ्या मुलाचे पुढे काय करायचे, या मध्यमवर्गीय घरातील प्रश्नाला या रस्त्याने पंचवीस वर्षे एकच उत्तर दिले : त्याला संगणक अभियंता करावे.

आज त्या उत्तरापुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे. संगणकाला आज्ञा लिहून देणे हे ज्यांचे काम, त्यांच्या कामाचा काही भाग आता संगणकच करू लागला आहे. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीला मुलगा नोकरीस असलेल्या मराठी घरांतही हीच चर्चा चालते. मात्र या व्यवसायाची चढण आणि वळणे जितकी ठळकपणे चेन्नईत दिसतात, तितकी ती फार थोड्या शहरांत दिसतील.

टंकलेखनाच्या वर्गापासून

चेन्नईची, त्या काळच्या मद्रासची, एक जुनी ख्याती आहे. संगणक येण्यापूर्वी हे शहर साऱ्या देशाला लघुलेखक आणि टंकलेखक पुरवत असे. त्यागरायनगरमधील ‘स्टेनोग्राफर्स गिल्ड’ ही संस्था १९३७ साली स्थापन झाली. मॅट्रिक झालेल्या मुलाने एखादे वर्ष टंकलेखन आणि लघुलेखन शिकावे, परीक्षा द्यावी आणि मुंबई, कलकत्ता किंवा दिल्लीची गाडी पकडावी, हा तेथील मध्यमवर्गाचा परिपाठ होता. मुंबईच्या फोर्ट भागातील कचेऱ्यांत टाय लावून साहेबांची पत्रे उतरवून घेणारे मद्रासी लघुलेखक जुन्या पिढीतील वाचकांना नक्कीच आठवत असतील. मुंबईच्या नोकऱ्यांवरून १९६०च्या दशकात जे राजकारण तापले, त्याच्या पार्श्वभूमीलाही हाच परिपाठ होता.

या नोकरीचे गमक सोपे होते. वर्ष-दीड वर्षात हस्तगत होणारे कौशल्य, कोणत्याही कचेरीत चालणारे प्रमाणपत्र आणि इंग्रजीची बऱ्यापैकी जाण एवढ्या भांडवलावर संसार उभा राहत असे. पुढे संगणक आला, साहेब स्वतःची पत्रे स्वतः लिहू लागले आणि लघुलेखकाचे पद हळूहळू नाहीसे झाले. त्यासाठी कोणाला घरी पाठवावे लागले नाही. पदावरचा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी दुसरा आलाच नाही.

याच घरांतील पुढची पिढी संगणकाकडे वळली, हा केवळ योगायोग नव्हता. इंग्रजीची जाण, शिस्त, बारकाव्याकडे लक्ष आणि घर सोडून परमुलखात जाण्याची तयारी, ही शिदोरी तिच्याकडे आधीपासूनच होती.

पैलतीराची हाक

भारतात सॉफ्टवेअर लिहून देण्याच्या व्यवसायाचा पाया मुंबईत घातला गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, ही संस्था १९६८ साली तेथे सुरू झाली. मद्रासच्या आयआयटीत १९७३ साली आयबीएमचा मोठा संगणक आला आणि तेथील विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यावर घडल्या. १९७८ साली आयबीएमने भारतातून आपला कारभार गुंडाळला. परंतु त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काम करण्याची सवय येथील अभियंत्यांना लागली आणि तीच पुढे उपयोगी पडली.

१९९१च्या आर्थिक सुधारणांनंतर या व्यवसायाला वेग आला. १९९४ साली ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ या अमेरिकी समूहाची अंतर्गत तंत्रज्ञान शाखा म्हणून चेन्नईत एक कंपनी सुरू झाली. तीच पुढे ‘कॉग्निझंट’ या नावाने नावारूपाला आली आणि १९९८ साली अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात तिची नोंदणी झाली.

त्याच सुमारास ‘वायटूके’चा प्रश्न उभा राहिला. जुन्या आज्ञावलींमध्ये स्मृती वाचवण्यासाठी वर्षाचे केवळ शेवटचे दोन आकडे साठवले जात. १९९९ नंतर ००आले की संगणकाने ते वर्ष १९०० समजायचे की २०००? बँकांची व्याजगणना, विमा कंपन्यांच्या मुदती, विमानांची आरक्षणे या साऱ्यांना त्याचा धोका होता. कोबोल भाषेत लिहिलेल्या लाखो ओळी तपासून दुरुस्त करण्यासाठी माणसे हवी होती, आणि ती भारतात होती. या निमित्ताने पाश्चात्त्य बँकांचे व विमा कंपन्यांचे दरवाजे भारतीय अभियंत्यांसाठी उघडले.

४ जुलै २००० रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते तरमणी येथे ‘टायडेल पार्क’चे उद्घाटन झाले. ‘टिडको’ आणि ‘एल्कॉट’ या तामिळनाडू सरकारच्या दोन महामंडळांच्या नावांतून हे नाव तयार झाले. सुमारे तेरा लाख चौरस फुटांची ही इमारत म्हणजे ओएमआरच्या नव्या युगाची वेस ठरली. अमेरिकेनेही त्या काळी एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा १,९५,००० पर्यंत वाढवली होती. २००१ साली डॉटकॉमचा फुगा फुटला, अनेक तरुण अमेरिकेतून परतले, व्हिसांची मर्यादाही २००४ सालापासून पुन्हा ६५,००० वर आली. परंतु त्याचा परिणाम उलटाच झाला. माणसे तिकडे जाण्याऐवजी काम इकडे येऊ लागले.

पिरॅमिडची रचना

या व्यवसायाचे अर्थकारण समजून घेतले, तर आजचा पेच चटकन ध्यानात येतो. परदेशी ग्राहकाला आकारणी प्रामुख्याने माणसांच्या संख्येवर आणि तासांवर होत असे. त्यामुळे कंपनीची रचना पिरॅमिडसारखी होती. तळाशी नुकतेच पदवीधर झालेले हजारो प्रशिक्षणार्थी, त्यांच्या वर प्रोग्रामर, त्यावर मोड्यूल लीड, प्रोजेक्ट लीड आणि शिखरावर थोडे व्यवस्थापक. तळ जितका रुंद आणि स्वस्त, तितका नफा अधिक.

या रचनेत नोकरदाराची वाटही ठरलेली होती. पहिली दोन-तीन वर्षे आज्ञावली लिहाव्यात, चाचण्या घ्याव्यात, चुका शोधाव्यात. मग चार-पाच जणांचा गट सांभाळावा. तिशी ओलांडताना ग्राहकाशी बोलावे, वेळापत्रके आखावीत, आणि चाळिशीत पन्नास-शंभर माणसांचे व्यवस्थापक व्हावे. पदोन्नती म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्यापासून दूर जाणे, असा या वाटेचा अर्थ होता. जो प्रोग्रामर दहा वर्षांनंतरही प्रोग्रामरच राहिला, त्याच्याकडे नातेवाईक थोड्या काळजीनेच पाहत.

रुंद तळाला माणसे पुरवण्यासाठी तामिळनाडूत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे जाळे पसरले. एका टप्प्यावर त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. राज्याने अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा रद्द करून २००७-०८पासून बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. ग्रामीण भागातील, ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नव्हता, अशा मुलामुलींना याचा लाभ झाला. बँकांचाही यात वाटा होता. इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ साली आली आणि २००९पासून अल्प उत्पन्न गटासाठी केंद्र सरकारची व्याज-अनुदान योजना सुरू झाली. शैक्षणिक कर्ज घेण्यात तामिळनाडू देशातील आघाडीच्या राज्यांत राहिला आहे. शेतमजुराची किंवा गिरणी कामगाराची मुलगी वातानुकूलित कचेरीत बसून लंडनच्या विमा कंपनीचे काम करू लागली, ही सामाजिक क्रांती लहान नव्हती.

त्याची दुसरी बाजूही होती. तेवीस वर्षांचा अभियंता वडिलांच्या निवृत्तिवेळच्या पगाराएवढे वेतन घेऊ लागला, घरभाडी वाढली आणि इतर शाखांचे पदवीधर मागे पडल्याची भावना बळावली. तमिळ साहित्य शिकलेल्या तरुणाची ही घुसमट दिग्दर्शक राम यांच्या ‘कट्रदु तमिळ’ या २००७ सालच्या चित्रपटात मांडली गेली आहे.

वारे फिरले

पिरॅमिडचा तळ एका दिवसात हलला नाही. प्रथम वेतन गोठले. मोठ्या सेवा कंपन्यांतील नवख्या अभियंत्याचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ तीन ते साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिले; त्याच काळात महाविद्यालयांचे शुल्क आणि ओएमआरवरील घरभाडी मात्र कितीतरी वाढली. मग चाचण्या, देखभाल यांसारखी कामे स्वयंचलित होऊ लागली. नोकरीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही ऐरणीवर आला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना कामगार संघटना स्थापन करता येते, असे तामिळनाडू सरकारने २०१६ साली स्पष्ट केले. आपण कामगार नसून ‘प्रोफेशनल’ आहोत असे मानणाऱ्या पिढीला संघटनेची आठवण व्हावी, हीच मोठी खूण होती.

कोविडच्या साथीने काही काळ उलटे चित्र निर्माण केले. सारे जग घरी बसून व्यवहार करू लागले आणि अभियंत्यांना अभूतपूर्व मागणी आली. ‘नॅसकॉम’ या उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ या एका वर्षात या क्षेत्रात सुमारे ४.५ लाख माणसांची भर पडली. ही भरती ओसरत असतानाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ अवतरला. साध्या वाक्यात सांगितलेले काम हा संगणक आज्ञावलीच्या रूपात लिहून देऊ लागला.

त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. २०२३-२४ या वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ने घटून ६,०१,५४६ झाली. २००४ साली शेअर बाजारात आल्यापासून वार्षिक घट होण्याची ही पहिलीच वेळ होती. जुलै २०२५ मध्ये याच कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास पदे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत प्रामुख्याने मध्यम आणि वरिष्ठ श्रेणीतील माणसे होती. यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्ये आणि कामे यांचा मेळ बसत नसल्याचे कारण कंपनीने दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले आणि पैलतीराची वाटही अवघड झाली.

हा व्यवसाय बुडाला, असा याचा अर्थ नव्हे. नॅसकॉमच्याच अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या क्षेत्राची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात ५८ लाख माणसे काम करीत होती. परंतु त्या वर्षीची निव्वळ भर होती सुमारे १.२६ लाख, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उद्योग वाढत आहे, पण त्याच्या प्रवेशद्वारातून आत जाणारी माणसे घटली आहेत.

बँकेच्या काउंटरवरून पाहताना

बँक कर्मचाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या न्यायाने पाहिले, तर संगणक अभियंत्यांच्या पुढे ठेच लागलेला वर्ग बँक कर्मचाऱ्यांचाच आहे.

१९८३ साली बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रवापराविषयी पहिला करार झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. शाखांमध्ये ‘लेजर पोस्टिंग मशीन’ आली, तेव्हा झालेले वाद, निदर्शने आणि शंका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या स्मरणात असतील. हाताने खातेवही लिहिणे, दिवसअखेर बेरीज जुळवणे, सहामाहीला व्याज काढण्यासाठी रात्री जागवणे ही त्या काळच्या कारकुनाची कसोटी होती. ती कामे यंत्राने घेतली. पुढे २०००च्या दशकात कोअर बँकिंग आले आणि खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. त्या प्रणाली उभारणाऱ्यांत हेच संगणक अभियंते होते.

मग बँक कर्मचारी संपला का? नाही. ज्यांनी नवे काम शिकून घेतले, ते कर्जवितरण, ग्राहकसेवा, जोखीम व्यवस्थापन अशा जबाबदाऱ्यांवर गेले. पण सत्य अर्धेच सांगून चालणार नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे लिपिक भरती जवळजवळ थांबली होती. जे आत होते, त्यांना करारांचे संरक्षण होते. जे बी.कॉम. होऊन परीक्षेची तयारी करीत दाराबाहेर उभे होते, त्यांना कोणतेही संरक्षण नव्हते. त्यांच्यासाठी दार पुन्हा मोठ्या प्रमाणावर उघडले ते २००८ नंतर. आयबीपीएसची सामायिक परीक्षा तर २०११ साली आली. तोपर्यंत एका पिढीचे वय उलटून गेले होते.

लघुलेखकाच्या, बँक लिपिकाच्या आणि आता प्रोग्रामरच्या कहाणीत हेच एक सूत्र आहे. तंत्रज्ञान आतल्या माणसाला नेहमी हाकलतेच असे नाही. पण ते जिन्याची पहिली पायरी काढून घेते. नवख्या अभियंत्याला पूर्वी दिली जाणारी कामे, म्हणजे ठरावीक साच्याच्या आज्ञावली लिहिणे, चाचण्यांची यादी करणे, जुन्या कामाचे टिपण तयार करणे, हीच यंत्र सर्वांत चांगली करते. आणि ही कामे करता करताच तर नवखा माणूस अनुभवी होत असे! अनुभवी अभियंते सर्वांना हवे आहेत. ते घडवण्याचा खर्च कोणी करायचा, हा आजच्या उद्योगापुढचा खरा प्रश्न आहे.

नव्या वाटा

या प्रश्नाची काही उत्तरे चेन्नईतच शोधली जात आहेत. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेली, पुढे ‘झोहो’ या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी दुसऱ्यांसाठी तासांवर काम करण्याऐवजी स्वतःची उत्पादने बनवते. तिने २००५च्या सुमारास स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना शुल्क न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि कामावर घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. २०११ साली या कंपनीने पश्चिम घाटाच्या पायथ्याशी तेनकासीजवळ कार्यालय उघडले. पहिली पायरी कंपनीने स्वतः बांधावी, असा हा प्रयोग आहे.

२०१० साली चेन्नईतच सुरू झालेली ‘फ्रेशवर्क्स’ सप्टेंबर २०२१ मध्ये नॅस्डॅकवर गेली, तेव्हा तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी त्यांच्या समभागांमुळे कोट्यधीश झाल्याची बातमी देशभर गाजली. याच कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे १३ टक्के पदे कमी केली, हेही लक्षात ठेवायला हवे. उत्पादनाच्या वाटेवर यशाची उंची मोठी, तशी जोखीमही मोठी असते.

तिसरी वाट परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांची आहे. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने २००१ सालीच चेन्नईत असे केंद्र उभारले होते. नॅसकॉमच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ पर्यंत देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे झाली आणि त्यांत १९ लाख माणसे काम करू लागली. येथे केवळ जावा किंवा पायथन येऊन भागत नाही. व्याजदराची जोखीम म्हणजे काय, पतपत्र कसे चालते, मनी लाँडरिंगचा संशय कशावरून घ्यायचा, याची जाण असलेल्या अभियंत्याला वेगळे मोल असते. चेन्नईच्या परिसरातील मोटार उद्योगालाही असाच अभियंता हवा आहे. ब्रेक कसा लागतो हे ज्याला कळते, त्यानेच ब्रेकची आज्ञावली तपासलेली बरी.

शिक्षणसंस्थांनीही पावले टाकली आहेत. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी जेईई लागत नाही. संस्थेची पात्रता फेरी पार करावी लागते. नोकरी करणारा पस्तिशीचा माणूसही तो करू शकतो. तामिळनाडू सरकारच्या ‘नान मुदल्वन’ (मीच पहिला) या २०२२ सालच्या योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबरोबरच उद्योगाला लागणारी कौशल्ये शिकवली जातात.

या साऱ्यांतून व्यवसायाचे बदललेले स्वरूप दिसते. आज्ञावली लिहिता येणे ही आता टंकलेखनासारखी प्राथमिक गोष्ट ठरू लागली आहे. यंत्राने लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही हे ओळखणे, ती सुरक्षित आहे का ते पाहणे, ग्राहकाची खरी अडचण नेमक्या शब्दांत मांडणे आणि चूक झाल्यास तिची जबाबदारी घेणे, या गोष्टींचे मोल वाढले आहे. एक सुखद उलटफेरही झाला आहे. केवळ माणसे सांभाळणाऱ्या मधल्या व्यवस्थापकापेक्षा, चाळिशीतही स्वतः हाताने काम करणारा आणि त्यातले मर्म जाणणारा अभियंता आज अधिक सुरक्षित मानला जातो.

घरचा ताळेबंद

बँकेच्या ग्राहकांच्या दृष्टीने या बदलाचा सर्वांत थेट संबंध घराच्या हिशेबाशी आहे. लघुलेखकाचे आणि बँक लिपिकाचे वेतन कमी होते, पण निवृत्तीपर्यंत खात्रीचे होते. अभियंत्याचे वेतन मोठे आहे, पण त्याची मुदत लिहून दिलेली नाही. गृहकर्ज वीस वर्षांचे असते. एखाद्या तांत्रिक कौशल्याचे आयुष्य मात्र पाच-सात वर्षांचेही असेल असे सांगता येत नाही. या दोन मुदतींमधील अंतर हीच आजच्या तरुण कुटुंबाची खरी जोखीम आहे.

एक उदाहरण घेऊ. ६० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ६५ लाख होते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे ५९ हजारांवर जातो, पण व्याज ४६ लाखांच्या आसपास राहते. दरमहा ७ हजार रुपये अधिक भरून सुमारे १९ लाख रुपये आणि आयुष्याची पाच वर्षे वाचतात. अर्थात, प्रत्येकाने मुदत कमी करावीच असे नाही. हप्ता लहान ठेवून, चांगल्या वर्षांत मिळालेल्या बोनसमधून मुद्दल फेडत जाणे हा अनिश्चित उत्पन्नासाठी अधिक लवचीक मार्ग आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी दंड आकारला जात नाही, याचा लाभ अवश्य घ्यावा.

पतिपत्नी दोघेही याच क्षेत्रात असतील, तर आणखी सावधगिरी हवी. मंदी आली की ती दोघांच्याही दारात एकाच वेळी येते. अशा घराने हप्ता एकाच्या वेतनातून निभावेल एवढाच ठेवावा, हे उत्तम. नोकरी गेल्यास सहा महिने ते वर्षभर हप्ते आणि घरखर्च चालेल एवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला असावी. कंपनीचा आरोग्य गटविमा नोकरीबरोबर संपतो. म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्यविमा तरुणपणीच घ्यावा. आणि कौशल्यावर केलेला खर्च हा चैनीचा नव्हे, तर दुरुस्ती-देखभालीचा खर्च समजून त्यासाठी दरवर्षी तरतूद ठेवावी.

मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घेताना महाविद्यालयाचे नाव आणि जाहिरात यांवर न जाता, मागील दोन-तीन वर्षांत तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती वेतनाच्या नोकऱ्या लागल्या याची चौकशी करावी. सरकारी हमी योजनेखाली ७.५ लाख रुपयांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाविना मिळू शकते. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत. परंतु व्याज चालूच असते. ते व्याज जमेल तसे भरत राहिल्यास मुलाच्या पहिल्या नोकरीवरचा भार हलका होतो, आणि पहिली नोकरी मनासारखी नसली तरी शिकण्याजोगी स्वीकारण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळते. आजच्या काळात हे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे.

मुलाला संगणक शिकवावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर आजही ‘होय’ असेच आहे. पण केवळ संगणक पुरेसा नाही, एवढी पुस्ती त्याला जोडायला हवी. गणिताची बैठक, भाषेवरचे प्रभुत्व आणि बँक, शेती, वैद्यक किंवा यंत्रनिर्मिती यांपैकी एखाद्या क्षेत्राची सखोल जाण त्याच्या जोडीला असावी. ओएमआरवर आज चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे खांब उभे राहत आहेत. हा मार्ग माधवरमहून सिरुसेरीपर्यंत जाणार आहे. त्या गाडीतून कामावर जाणाऱ्या पिढीची कामे आजच्यासारखी नसतील, हे नक्की. टंकलेखनाच्या वर्गातून बाहेर पडलेल्या आजोबांनी आणि कोबोल शिकलेल्या वडिलांनी जी गोष्ट केली, तीच तिलाही करावी लागेल : हातातली विद्या जुनी होण्याआधी नवी शिकून घेणे. आणि आधीच्या पिढीने तिच्यासाठी करायची गोष्टही एकच आहे. त्या शिकण्याला वेळ मिळावा, म्हणून घरावरचे ओझे तिला पेलेल एवढेच ठेवणे.